पडझडीला पैसा आहे, पहाऱ्याला का नाही?

चुनखडी:
ऐतिहासिक वास्तू ढासळली की डागडुजीला निधी मंजूर होतो. ती ढासळू नये म्हणून माणूस नेमा म्हटलं की तिजोरीत खडखडाट. पन्हळीत पाला अडकतो, पाणी भिंतीत मुरतं, दगडांच्या सांध्यांतला चुना भुसभुशीत होतो आणि तिथे रोपटं धरतं. पहिल्या वर्षी ते दोन बोटांनी उपटून निघतं. पाच वर्षांनी त्याचं मूळ दगड सरकवतं. मग बांधा परांची, काढा निविदा! इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातली ग्लॅडिएटरांची (रोमन काळच्या लढवय्यांची) वास्तू नोव्हेंबर २०१० मध्ये पावसात कोसळली, त्यानंतर साडेदहा कोटी युरोंचा प्रकल्प आला. रोजच्या देखभालीचे पगार सरकारनेच द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमाखर्च:
उदाहरण अर्धंच दिलंत. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ती वास्तू पडली होती. ती पुन्हा उभारताना डोक्यावर काँक्रीटचं जड छत चढवलं, तेच भोवलं. म्हणजे खर्च करूनच वाट लावली. शिवाय पगार एकदा सुरू झाला की कायमचा गळ्यात. दवाखान्यात परिचारिका नाहीत आणि आपण भिंतींना राखणदार नेमायचे? इंग्लंडमधल्या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेला सरकारने २०१५ मध्ये आठ कोटी पौंड एकरकमी देऊन स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं. चारशेहून जास्त वास्तू आहेत त्यांच्याकडे.

चुनखडी:
आणि त्यात स्टोनहेंज आहे, तिकिटांवर भरपूर कमावणारं ते प्राचीन शिळांचं वर्तुळ, ते का गाळलंत? त्यांच्या बहुतेक जागा तर बिनतिकिटाच्या आहेत. ज्यांच्याकडे असं दुभतं नाही त्यांनी काय करायचं? काँक्रीटचं मान्य. चुन्याचं काम जाणणारा माणूस कायम हवा तो त्यासाठीच.

उंबरठा:
तिकिटावर भिस्त ठेवली की गर्दी वाढवावी लागते. आणि पायऱ्या गर्दीनेच झिजतात. तेवढंच.

कडीकुलूप:
माणूस नुसता असून भागत नाही. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा धोक्याची घंटा वाजली होती. पण यंत्रणेपुढे बसलेला कर्मचारी नवखा. रखवालदार भलत्याच माळ्यावर जाऊन पाहून आला, अर्धा तास तिथेच गेला.

जमाखर्च:
पुढे देणग्या किती आल्या तेही लिहा. ऐंशी कोटी युरोंच्या वर! लोक देतात.

कडीकुलूप:
जळल्यावर देतात हो. त्याआधी त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी झोळी फिरत होती, तेव्हा कुठे होते? पन्हळ साफ करायला देणगी दिली असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

जमाखर्च:
बरं, हे पटलं. पण मग नोंदवही उघडी ठेवा. कोणती पन्हळ कधी साफ केली, कोणत्या भिंतीला तडा आहे, दर महिन्याला फोटोसकट. आणि नेमणूक कंत्राटी, वर्षावर्षाची.

चुनखडी:
वही आजपासून ठेवू. वर्षाचं कंत्राट मात्र नको. कोणत्या कोपऱ्यात पाणी कुठून शिरतं हे कळायलाच दोन पावसाळे जातात.