गोधडीच्या पॅचवर्कसाठी अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या आणि साचे आपल्या भागातच कसे करून घ्यावेत?

प्रश्न : बचत गटातील एक सदस्य, परभणी

नमस्कार. आमच्या गटात जुन्या सुती साड्या आणि शिंप्यांकडची कात्रणे यांपासून गोधड्या शिवल्या जातात. आजवर मागणी असे ती थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवलेल्या साध्या गोधडीची. अलीकडे मात्र पुण्या-मुंबईचे ग्राहक चौकोन, त्रिकोण आणि षट्कोन जुळवून केलेली गोधडी मागू लागले आहेत. आमचा नेहमीचा आकार पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब असतो. शिवून झाल्यावर ५ इंच राहील असा चौकोन धरला, तर रुंदीत १२ आणि लांबीत १८ असे २१६ तुकडे लागतात आणि ते वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या हातांनी कापले जातात.

अडचण इथेच आहे. पुठ्ठ्याच्या साच्यावरून वारंवार आखले, की त्याच्या कडा झिजतात आणि कोपरे गोल होतात. मग कोणीतरी झिजलेल्या साच्यावरून नवा साचा कापते आणि घरोघरचा चौकोन निराळा होत जातो. एका चौकोनात केवळ एक मिलिमीटरचा फरक पडला, तरी १२ चौकोनांच्या ओळीत तो १२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास अर्धा इंच होतो आणि शेजारची ओळ तिच्याशी जुळत नाही. धुतलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मचे साचेही वापरून पाहिले. आखण्यासाठी ते चांगले आहेत, परंतु त्यांच्या कडेला रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर, लावता येत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या क्विल्टिंगच्या पारदर्शक पट्ट्या महाग आहेत आणि आम्हाला हवे असलेले आकार त्यांत क्वचितच असतात. नावाच्या पाट्या व स्मृतिचिन्हे बनवणाऱ्या दुकानांत लेझरने अ‍ॅक्रिलिक कापून देतात, असे समजले. त्यांना नेमके काय सांगावे, किती जाडीचा पत्रा घ्यावा, शिलाईची माया (शिवणीबाहेर ठेवायची जास्तीची कड) साच्यातच धरावी का आणि तयार माल तपासून कसा घ्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : लेझर कटिंगचे काम करणारा, छत्रपती संभाजीनगर

ताई, आमच्याकडे पाट्यांचेच काम अधिक येते, पण शिवणकामाचे साचेही कापून दिलेले आहेत, त्यामुळे दुकानदाराच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

पत्रा ३ मिलिमीटर जाडीचा, पारदर्शक आणि ‘कास्ट’ प्रकारचा मागावा. अ‍ॅक्रिलिकचा दुसरा प्रकार ‘एक्स्ट्रूडेड’. त्याची जाडी अधिक एकसारखी असते हे खरे, परंतु लेझरने कोरलेली रेघ त्यावर जवळजवळ पारदर्शकच उमटते, तर कास्टवर ती पांढरी व दुधाळ दिसते. गडद कापडावर ही पांढरी रेघ नुसती दिसते. फिक्या कापडासाठी मात्र संरक्षक कागद काढण्यापूर्वी कोरलेल्या खाचेत काळा अ‍ॅक्रिलिक रंग चोळून भरावा आणि मग कागद सोलावा, म्हणजे रंग खाचेतच राहतो. २ मिलिमीटरचा पत्रा स्वस्त पडतो, पण त्याच्या कडेवरून कटरचे पाते सहज वर चढते आणि बोट कापते. त्या बचतीच्या मागे लागू नये.

दुकानात सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा, लेझर आहे ना, हे विचारून घ्या. घरगुती वापराची जी लहान निळ्या प्रकाशाची डायोड यंत्रे आता सर्वत्र दिसतात, त्यांचा किरण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार निघून जातो, त्यामुळे ती हे काम करू शकत नाहीत. तसेच स्वस्तात होते म्हणून कोणी सनबोर्ड किंवा पीव्हीसीचा पत्रा लेझरवर कापतो म्हणाला, तर नको म्हणा. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो फुप्फुसांना आणि यंत्रालाही घातक असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. रेघा आणि आकडे पत्र्याच्या खालच्या बाजूने, आरशातल्यासारखे उलटे कोरून घ्या. रेघ वरच्या पृष्ठभागावर असली, की ती आणि कापड यांच्यामध्ये ३ मिलिमीटरचे अंतर राहते आणि पाहणाऱ्याची नजर तीसेक अंश कलली, तर रेघ कापडावर सुमारे एक मिलिमीटर सरकलेली दिसते. तुमचा १२ मिलिमीटरचा घोटाळा केवळ एवढ्यानेही होऊ शकतो. रेघ खालून असली, की ती थेट कापडाला टेकते आणि हा प्रश्नच उरत नाही.

लेझर कापताना पत्र्याचा थोडा भाग जाळून टाकतो. ३ मिलिमीटरच्या पत्र्यात ही चीर साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंद असते. म्हणून नेमक्या रेघेवरून कापलेला साचा तेवढाच लहान भरतो. चिरेच्या निम्म्याइतकी रेघ बाहेर सरकवून कापा, असे दुकानदाराला सांगावे. बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉ या आकृत्या काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालते. आकृती स्वतः करणार असाल, तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फाइल डीएक्सएफ किंवा एसव्हीजी स्वरूपात द्या आणि त्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन मुद्दाम वेगळा काढून ठेवा, कारण एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना आकार बदलण्याचे प्रकार नेहमी घडतात आणि तो चौकोन मोजला की ते लगेच कळते.

आकडे मराठीत हवे असतील तर जरूर घ्या, गटातल्या सर्वांना सोयीचे होईल. मात्र फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे कर्व्हमध्ये, म्हणजे साध्या रेखाकृतींमध्ये, रूपांतर करा. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला, तर आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात आणि पत्रा वाया जातो.

उत्तर २ : निवृत्त गणित शिक्षक, लातूर

मी स्वतः शिवत नाही, पण घरात शिवणकाम चालते आणि साच्यांचा हिशेब माझ्याकडे येतो. वरील उत्तरात मायेचा मुद्दा राहिला आहे, तो मांडतो.

पॅचवर्कमध्ये सर्वत्र पाव इंच, म्हणजे आपल्या शिंप्यांच्या भाषेत दोन सूत माया धरतात. मिलिमीटरमध्ये ती ६.३५ होते. चौकोनाचे गणित सरळ आहे : दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत वाढवायचे, म्हणून ५ इंचांच्या तयार चौकोनासाठी साचा साडेपाच इंचांचा. त्रिकोणाला मात्र हा नियम लावता येत नाही. चौकोन कर्णावर कापून दोन काटकोन त्रिकोण करायचे असतील, तर मूळ चौकोन तयार मापापेक्षा सात सूत मोठा घ्यावा लागतो. तयार माप ४ इंच असेल तर ४ इंच ७ सूत. नेमका आकडा सात सुतांपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर कमी येतो, पण तेवढी जास्तीची जागा नंतर छाटता येते, म्हणून सात सूतच सोयीचे. चौकोनाच्या दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे असल्यास वाढ सव्वा इंच धरावी.

षट्कोनात गोंधळ अधिक होतो. त्याचे माप बाजूच्या लांबीवरून सांगतात, माया मात्र प्रत्येक बाजूला लंब दिशेने वाढते. त्यामुळे ६ मिलिमीटर मायेसाठी बाजू ६ मिलिमीटरने वाढवून चालत नाही, ती ६.९३ मिलिमीटरने वाढवावी लागते. तयार बाजू ५० मिलिमीटर असेल, तर समोरासमोरच्या सपाट कडांमधले अंतर ८६.६ मिलिमीटर होते आणि दोन्हीकडची माया मिळवली की ९८.६. साचा तपासताना हेच अंतर मोजावे, कारण बाजूची टोके पकडून मोजण्यापेक्षा ते सोपे जाते. माझा आग्रह असा, की साच्यावर मायेची आतली रेघ कोरून घ्यावी आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर दोन-अडीच मिलिमीटरचे आरपार छिद्र ठेवावे. त्या छिद्रातून पेन्सिलीचा ठिपका दिला, की दोन तुकडे ठिपक्याला ठिपका लावून शिवता येतात.

साचा हाती आल्यावर कापडी टेपने मोजू नये. ती वापरून ताणली जाते. स्टीलची पट्टी घ्यावी. चौकोनाच्या चारही बाजू बरोबर भरल्या म्हणजे तो चौकोनच आहे, असेही समजू नये, कारण लेझर यंत्राच्या दोन दिशा एकमेकींशी काटकोनात नसतील तर समभुज पण तिरका आकार निघतो. त्यासाठी दोन्ही कर्ण मोजून समान आहेत का पाहावे. ३०० मिलिमीटर बाजू असेल तर प्रत्येक कर्ण ४२४.३ मिलिमीटर भरला पाहिजे. लांब पट्टीची कड सरळ आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या कडेने कागदावर एक बारीक रेघ ओढावी, पट्टी उलटी करून तीच कड त्या रेघेच्या दोन टोकांना लावावी आणि पुन्हा ओढावी. दोन रेघांच्या मध्ये फट दिसली, तर कडेला बाक आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सर्वच साचे ०.२ मिलिमीटरने लहान असतील आणि गोधडी फक्त चौकोनांची असेल, तर त्यामुळे काहीही बिघडत नाही. बिघडते ते चौकोनाचा साचा एका दुकानातून आणि त्रिकोणाचा दुसऱ्या दुकानातून आणला तेव्हा. म्हणून एका संचातले सगळे आकार एकाच दिवशी, एकाच यंत्रावर कापून घ्यावेत.

उत्तर ३ : गोधडी शिवणारी, अंबाजोगाई

सरांचे गणित योग्य आहे, परंतु प्रत्येक आकाराचा साचा करून घेण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. ६ इंच रुंद आणि २४ इंच लांब अशी एक पट्टी, साडेपाच इंचांचा एक चौकोन आणि एक षट्कोन, एवढ्यावर बहुतेक कामे होतात. सरळ पट्ट्या आणि त्रिकोणांचे मूळ चौकोन लांब पट्टीवरच निघतात. पैसे उरले, तर त्याच चौकोनाच्या प्रती वाढवा, म्हणजे प्रत्येक घरी एक देता येईल. तुमची खरी अडचण तीच आहे.

दुसरे असे, की ज्या घरी रोटरी कटर नाही तिथे खडूने आखून कात्रीने कापले जाईल. शिंप्याच्या खडूला टोक काढले नसेल, तर त्याची रेघ मिलिमीटरभर जाड उमटते, आणि एकजण रेघेच्या आतून कापते तर दुसरी बाहेरून. साचा कितीही अचूक असला तरी इथे फरक पडतोच. रेघ कापून टाकायची की तुकड्यावर ठेवायची, हे गटात एकदा ठरवून घ्या आणि खडूऐवजी बारीक टोकाची पेन्सिल द्या.

कापडाकडेही पाहा. वापरलेली सुती साडी धुऊन धुऊन आटलेली असते, नवी कात्रणे आटलेली नसतात. ती आधी धुऊन घेतली नाहीत, तर पहिल्या धुण्यातच गोधडीला सुरकुत्या पडतात. मऊ पडलेल्या साडीला कापण्यापूर्वी खळ देऊन इस्त्री करावी. त्रिकोणाची तिरपी कड उरेबात, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, येते आणि खळ नसेल तर ती हातातल्या हातात ताणली जाते, मग साच्यातले सूत-दोन सूत कुठे गेले ते कळतही नाही.

आता ज्यासाठी अ‍ॅक्रिलिक खरोखर उपयोगी पडते ते सांगते. पैठणीच्या जुन्या पदरावरचा मोर किंवा हिमरूच्या कात्रणातली वेलबुट्टी नेमकी चौकोनाच्या मधोमध आणायची असेल, तर पारदर्शक साच्यावर मधून जाणाऱ्या उभ्या, आडव्या आणि दोन्ही तिरप्या रेघा कोरून घ्याव्यात. साचा पदरावर ठेवला, की मोराची मान कोणत्या रेघेवर येते आणि पिसारा मायेत तर जात नाही ना, हे कापण्यापूर्वीच दिसते. पदर एकदा कापला की संपला, त्यामुळे ही सोय मोलाची आहे. पुठ्ठ्याच्या साच्याखाली काय दडले आहे, ते कापल्यावरच कळत असे.

साचा कापडावर सरकू नये म्हणून खालच्या बाजूला बारीक पॉलिश पेपरचे छोटे गोल तुकडे कोपऱ्यांजवळ चिकटवावेत. जाड रबरी टिकल्या लावू नयेत. त्यांनी साचा कापडापासून उचलला जातो आणि पाते खाली शिरते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या सल्ल्याप्रमाणे लांब पट्टी एक, षट्कोन एक आणि साडेपाच इंची चौकोनाच्या सात प्रती असा संच ठरवला आहे; चौकोनावर मायेची रेघ, कोपऱ्यांची छिद्रे आणि मधल्या चार रेघा घेत आहोत. आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काम चालते, तेथील उष्णतेने अ‍ॅक्रिलिकच्या मापात फरक पडतो का? आणि पेन्सिल व तेलाचे डाग पुसायला स्पिरिट वापरले तर चालेल का?

उत्तर : लेझर कटिंगचे काम करणारा, छत्रपती संभाजीनगर

फरक पडतो, पण तुमच्या कामाला तो जाचक नाही. डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर २४ इंची पट्टी सुमारे सव्वा मिलिमीटरने वाढते आणि साडेपाच इंची चौकोन पाव मिलिमीटरच्या आसपास. एका गोधडीचे तुकडे एकाच हंगामात कापले जातात, तेव्हा याची चिंता करू नये. जपायचे ते बाक येण्यापासून : पट्टी उन्हात भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, कपाटात आडवी सपाट ठेवा किंवा टोकाला छिद्र पाडून घेऊन खिळ्याला लोंबती अडकवा.

स्पिरिट, थिनर, अ‍ॅसिटोन यांपैकी काहीही लावू नका. लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो आणि स्पिरिट लागताच तिथे बारीक तडे जाऊ लागतात. ते एकदा गेले की बुजत नाहीत. कोमट पाण्यात साधा साबण घालून मऊ सुती फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने घासू नका, धुळीचे ओरखडे उठतात.