अ‍ॅनालॉग मिक्सरचा पॅन रीपरमध्ये जुळेना

खरजपंचम: मंडळी, भजनाचं मिक्सिंग आतापर्यंत अ‍ॅनालॉग मिक्सरवर व्हायचं. आता सुटे ट्रॅक घेऊन रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतोय. पॅन (आवाज डावी-उजवीकडे नेणारा नॉब) आणि फेडर (पातळी ठरवणारी सरकपट्टी) मिक्सरवर होते तसेच ठेवलेत: बुवा आणि पखवाज मध्ये, पेटीचा नॉब घड्याळातल्या १० च्या दिशेला, टाळांची एक जोडी पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. तरी बुवा अंगावर येतात आणि टाळ मागे पडतात. शिवाय तानपुऱ्याचा स्टिरिओ ट्रॅक डावीकडे सरकवला की त्याची उजवी बाजूच गळते. असं का?

फेडरवाला: दोन्हीकडचा पॅन लॉ, म्हणजे नॉब मध्यावर आला की पातळी किती उतरवायची हा नियम, वेगळा आहे. एकच आवाज दोन्ही स्पीकरमधून सोडला की खोलीत तो साधारण ३ डीबीने (डेसिबलने) मोठा लागतो. म्हणून मिक्सरमध्ये नॉब मध्यावर आला की दोन्ही बाजू ३ किंवा ४.५ डीबीने उतरतात. रीपरचा डिफॉल्ट ० डीबी, म्हणजे मध्यावर काहीच उतरत नाही. तुमचे बुवा तेवढ्यानेच वर आलेत.

अंदाज नको, मोजा. मिक्सरच्या एका मोनो चॅनलला १ किलोहर्ट्‌झचा टोन द्या, इक्यू (जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणारे नॉब) सपाट, ऑक्स (आवाज दुसरीकडे पाठवणारे नॉब) बंद. मेन आउट रीपरमध्ये रेकॉर्डला घ्या. त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (आत आलेला आवाज लगेच परत बाहेर सोडणं) बंद ठेवा, नाहीतर लूप होईल. पॅन पूर्ण डावीकडे करून डावा मीटर −१८ वर आणा. मग फेडरला हात न लावता नॉब मध्यावर. आता −२१ दिसलं तर लॉ −३, −२२.५ दिसलं तर −४.५, −२४ दिसलं तर −६. उजवा मीटरही बघाच. स्वस्त मिक्सरच्या नॉबमध्ये मध्यावर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात.

मिळालेला आकडा प्रोजेक्ट सेटिंग्ज (ऑल्ट+एंटर), अ‍ॅडव्हान्स्ड, पॅन लॉ इथे टाका. ‘गेन कॉम्पेन्सेशन’वर टिक केली तर मध्य जागेवर राहतो आणि कडा वर जातात. तोल दोन्हीत सारखाच, फक्त एकूण पातळी वेगळी.

उजवा_चॅनल: घड्याळावरून टक्के काढायचे तर नॉब ७ ते ५ फिरतो, म्हणजे १२ पासून दर तासाला २०. पेटी १० वाजता म्हणजे ४० टक्के डावीकडे. पण त्यावर फार विसंबू नका. ४० टक्क्यांवर दोन बाजूंतला फरक साइन-कोसाइन वक्रात (−३ लॉ) सुमारे ५.९ डीबी येतो, सरळ रेषेच्या −६ लॉमध्ये ७.४, आणि रीपरच्या ० डीबी डिफॉल्टमध्ये ४.४. पेटीसाठी मिक्सरवरचा फरक मोजून तेवढाच सॉफ्टवेअरमध्ये आणलेला बरा.

तानपुऱ्याचं कारण निराळं. स्टिरिओ ट्रॅकवर तो नॉब पॅनचा नसून बॅलन्सचा असतो: डावीकडे फिरवला की उजवी बाजू फक्त कमी होते, डावीकडे सरकत नाही. मिक्सरवर तानपुरा दोन मोनो चॅनलवर असणार. पॅन नॉबवर राइट क्लिक करून त्या ट्रॅकला ‘ड्युअल पॅन’ लावा. मिक्सरवर ९ आणि १ असेल तर एक नॉब ६० टक्के डावीकडे, दुसरा २० टक्के उजवीकडे.

खरजपंचम: मोजलं, −४.५ निघालं. मिक्स अर्धं झालंय. आता बदललं तर?

फेडरवाला: कॉम्पेन्सेशनशिवाय बदललं तर मध्यावरचं सगळं ४.५ डीबीने उतरेल, टाळ आहेत तिथेच राहतील. मास्टरवर कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) असेल तर तो जवळजवळ झोपेल, कारण बुवा आणि पखवाजच त्याला हलवत होते. थ्रेशोल्ड, म्हणजे तो ज्या पातळीपासून दाबायला लागतो ती, ४ डीबीच्या आसपास खाली घ्या. बुवांचा फेडर आधीच कानाने खाली ओढला असेल तर तो परत मिक्सरच्या जागी न्या, नाहीतर कपात दोनदा होईल. जमल्यावर ‘सेव्ह अ‍ॅज डिफॉल्ट’ करून टाका.

उजवा_चॅनल: आणि मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐका. −४.५ लॉमध्ये मोनो केल्यावर बुवा टाळांच्या मानाने दीड डीबी वर येतात, तेवढं चालतं. खरी भीती देवळातल्या भोंग्याची. तिथे कित्येकदा फक्त डावी वायर जोडलेली असते, मग उजवीकडची टाळजोडी ऐकूच येत नाही. तिथे वाजवायची फाइल मोनो करूनच द्या.