संघर्ष-संशोधन आणि शांतिकार्य : दोन्ही एकत्र जमतं का?

मृण्मयी (ग्वाल्हेर): नमस्कार. मी लष्कर भागात राहते, राज्यशास्त्रात एम.ए. झालंय. अ‍ॅडम कर्ल यांच्याबद्दल वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. हे मानसशास्त्राचे अभ्यासक. १९६५च्या भारत-पाक युद्धानंतर क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातर्फे दोन्ही देशांत जाऊन बोलले, पुढे नायजेरिया-बियाफ्रा युद्धात मध्यस्थी केली, आणि १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता-अभ्यासाचे पहिले प्राध्यापक झाले. आपल्याकडून असं संशोधन आणि शांतिकार्य दोन्ही एकत्र करता येईल का? घरचे बी.एड.च्या मागे लागलेत.

अभय (इंदूर): दिल्लीला जामिया मिलियात संघर्ष-विश्लेषण आणि शांतता या विषयात एम.ए. आहे. तिथून सुरुवात कर.

वसुधाताई: मृण्मयी, मी मूळची दौलतगंजची, आयुष्य याच कामात गेलं. पदवी घेच, पण आधी जौऱ्याला जाऊन ये. मुरैना जिल्ह्यात, आपल्या उशाशीच आहे. एप्रिल १९७२ मध्ये माधोसिंह, मोहरसिंहांसारख्या बागींनी, म्हणजे चंबळच्या डाकूंनी, तिथे जयप्रकाशजींसमोर शस्त्रं ठेवली. त्याआधी माधोसिंह स्वतः नाव बदलून पाटण्याला जेपींना भेटला होता. फाशी होणार नाही, हा शब्द सरकारकडून मिळवण्यात किती घासाघीस झाली असेल! मला तर समारंभापेक्षा ती घासाघीसच अभ्यासाची वाटते.

त्या भागात मुलाखती घेताना एका आजींनी मला ओसरीवर बसवलं, ताक दिलं आणि विचारलं, “उन्हें (म्हणजे शरण आलेल्या बागींना) तो ज़मीन मिल गई, हमारे आदमी का क्या?” माझ्या प्रश्नावलीत याला रकानाच नव्हता. पुढची प्रश्नावली मी मारल्या गेलेल्यांच्या घरांपासून सुरू केली आणि समेटाच्या बैठकांतही त्यांना आधी बोलावू लागले. तू म्हणतेस ते ‘दोन्ही एकत्र’ मला असं जमलं.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाची जगभरच्या संघर्षांची आकडेवारी जरूर शिक. पण तिथे सशस्त्र संघर्ष म्हणायला एक बाजू सरकारची आणि वर्षाला किमान २५ लढाईबळी लागतात. दोन घराण्यांतलं पिढीजात वैर त्यात येत नाही, आणि गावात समेटाला बसायची वेळ येते ती त्याच्यासाठीच.

पैशांचं खरं सांगते : सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. बी.एड. केलंस तरी हरकत नाही, शाळेतल्या बाईंना गावात दार लवकर उघडतं.

मृण्मयी: ताई, मनापासून आभार. जौऱ्याला जाताना कुणाला आधी भेटू?

वसुधाताई: आधी तिथल्या गांधी आश्रमात जा. आणि आईला सोबत ने, बायका मोकळेपणाने बोलतील.