पुठ्ठ्याचं बाहुलीघर: भिंती वाकतात, मधला मजला झोळ खातो

पाटीपेन्सिल

दोन मजली, चार खोल्यांचं, समोरून उघडं बाहुलीघर करायचं आहे. हाताशी ५ प्लायची (पाच थरांच्या पुठ्ठ्याची) खोकी, आइस्क्रीमच्या काड्या, पांढरा गोंद, ग्लू गन आणि रंगीत कागद एवढंच आहे. नमुन्यात तीन गोष्टी बिघडल्या. भिंतीला आतून कागद चिकटवला तर वाळल्यावर ती कागदाच्या बाजूला वाकली. मधल्या मजल्याला पुढच्या काठावर झोळ आला. छपराचे दोन पाखे वर जुळले नाहीत, बोटभर फट राहिली. लाकूड न वापरता हे सुधारता येईल का? जिनाही हवा आहे.

गुण्यापट्टी

बाहुलीची उंची लिहिली नाहीत, आणि सगळी मापं तिथूनच निघतात. बाहुली १४-१५ सेंमीची असेल तर प्रमाण १:१२ (खऱ्याच्या बाराव्या हिश्शाएवढं), म्हणजे खोलीची उंची २० सेंमी. (१९२४ साली पुरं झालेलं राणी मेरीचं प्रसिद्ध बाहुलीघरही १:१२च आहे.) बाहुली २९ सेंमीची असेल तर १:६ लागेल, खोली ४० सेंमी उंच होईल आणि एकेरी खोक्याचा पुठ्ठा तिथे पुरणार नाही.

१:१२ धरून मापं सेंमीत देतो. खोली आतून ३० रुंद, २५ खोल, २० उंच. पुठ्ठ्याची जाडी आधी मोजा. ५ प्लाय साधारण ६ ते ७ मिमी भरतो, मी ६ धरली आहे. तुमचा ७ भरला तर खालचे आकडे तसे बदला. बाहुलीघर डुगडुगतं ते बहुतेक वेळा जाडी हिशेबात न धरल्यामुळेच.

तळ, मधला मजला आणि माळ्याचा मजला: ६०.६ × २५, तीन नग.
बाजूच्या भिंती: ४१.८ × २५, दोन नग.
मधली उभी भिंत: ४०.६ × २५.
मागची भिंत: ६१.८ × ४१.८.
त्रिकोणी भिंती: पाया २५.६, उंची १२.८, तीन नग. दोन टोकांना, एक मधोमध.

मधली भिंत आणि मधला मजला एकमेकांत खाचेने बसवा. भिंतीला तळापासून २० सेंमीवर, पुढच्या कडेपासून १२.५ सेंमी आत जाणारी ६ मिमी रुंद खाच पाडा. मजल्याला डाव्या कडेपासून ३० सेंमीवर तेवढीच खाच, पण मागच्या कडेकडून. मजला समोरून आत सरकवला की अधिकचं चिन्ह तयार होतं आणि गोंद न लावताही उभं राहतं. खाच कणभर घट्टच असू द्या. सैल झाली तर गोंदाने भरून निघत नाही.

आता छप्पर. ४५ अंशाचा उतार असला की पाखे आढ्यावर काटकोनात भेटतात. दोन्ही पाखे सारख्या मापाचे कापले की फट पडणारच, कारण एका पाख्याची कड दुसऱ्याच्या कडेवर बसायला हवी. म्हणून एक पाखा २० सेंमी आणि दुसरा २०.६. लांबी दोन्हींची ६५.८, म्हणजे दोन्ही टोकांना २ सेंमी छज्जा सुटतो.

मागची भिंत सर्वांत शेवटी लावा, आणि तीच घराला गुण्यात (काटकोनात) आणते. चिकटवताना समोरचे दोन कर्ण मोजा. दोन्ही ७४.६ सेंमीच्या आसपास आणि एकमेकांइतके यायला हवेत.

पुठ्ठेबाज

मापं बरोबर आहेत, पण झोळ जाईल असं त्यात काही नाही. झोळाचं कारण पन्हळींची दिशा. पुठ्ठा फाडून आतल्या नळ्या कुठे धावतात ते पाहा. नळ्यांना समांतर पुठ्ठा सहज मुडपतो, आडव्या दिशेने मुडपत नाही. म्हणून मजल्याच्या नळ्या डाव्या भिंतीकडून उजव्या भिंतीकडे गेल्या पाहिजेत, आणि भिंतींच्या नळ्या उभ्या. खोकं जसं उघडेल तसा तुकडा कापला की निम्म्या वेळा उलटं होतं.

दुसरा उपाय पुढच्या कडेला. मजल्याच्या खालून, कडेला लागून, काड्यांची पट्टी उभी चिकटवा. काडी आडवी निजवली तर जाडी फक्त २ मिमी, तिला काही पेलत नाही. उभी केली की १० मिमीची तुळई होते. दोन थर लावा आणि वरच्या थराचे जोड खालच्या थराच्या जोडांवर येऊ देऊ नका. मागच्या कडेला हे लागत नाही, मागची भिंत ती धरून ठेवते.

भिंत वाकते तेही साधं आहे. ओला कागद फुगतो, फुगलेला असतानाच चिकटतो, आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा कागद, एकाच बैठकीत. गोंदात पाणी घालू नका. घट्ट गोंद जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढून घ्या, पुठ्ठा गोंदाखालून दिसला पाहिजे. मग वर-खाली बटर पेपर ठेवून रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली. वजन चार तासांत काढलं तर केलेलं सगळं पाण्यात जातं, आत ओल असतेच.

आणि कागद जोडणीच्या आधीच लावून घ्या, पण जिथे दुसरा तुकडा येऊन चिकटणार आहे ती ६ मिमीची पट्टी कोरी सोडा. नाहीतर गोंद फक्त रंगीत कागदाला धरतो, आणि ओढ बसली की कागदासकट भिंत सुटून येते.

ग्लू गनबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. गोंदाची रेघ अर्धा मिमी तरी जाड राहते आणि जोड दाबून बसेपर्यंत ती थंड होते. चार जोडांत दोन मिमी गेले की छप्पर बसत नाही. शिवाय तापलेल्या खिडकीपाशी घर ठेवलं की जोड मऊ पडतात.

गुण्यापट्टी

@पुठ्ठेबाज, पन्हळींचं मान्य, ते आधी लिहायला हवं होतं. ग्लू गन मात्र अगदी टाकाऊ नाही. सांध्यावर पांढरा गोंद लावायचा आणि दर १० सेंमीवर आतल्या कोपऱ्यात गरम गोंदाचा वाटाण्याएवढा ठिपका. ठिपका लगेच धरतो, पांढरा गोंद सावकाश वाळतो, आणि तासभर हाताने दाबून बसावं लागत नाही.

काडीपैलवान

खिडक्या-दारं जोडणीआधी कापा. दार १७ × ७. खिडकी ७ × ९, तिची खालची कड जमिनीपासून ६ सेंमीवर. कोणतंही भोक भिंतीच्या कडेपासून ३ सेंमीच्या आत नको, मधली चिंचोळी पट्टी चुरगळते. कटरचं पातं नवं असू द्या. बोथट पातं कापत नाही, नळ्या दाबून फाडतं. एका दमात आरपार जाऊ नका. पहिला हात वरचा कागद कापण्यापुरता, दुसरा पन्हळ, तिसरा खालचा कागद. कोपऱ्यात पातं पुढे जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांत टाचणीने भोक पाडून ठेवा आणि त्या भोकाकडून मध्याकडे कापत या.

काच म्हणून ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक प्लास्टिक शीट) किंवा शर्टच्या डब्याचं पारदर्शक झाकण. ते गरम गोंदाने चिकटवू नका, लाटा उठतात. दुहेरी टेप बरी.

उघड्या कडांच्या नळ्या कागदी टेपने झाका. खाकी रंगाची पण प्लास्टिकची पॅकिंग टेप लावली तर तिच्यावरचा पाण्याचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मास्किंग टेप चालते.

फरशीला काड्या लावणार असाल तर आधी मोजा. गोल टोकं कापल्यावर काडी साधारण ९.५ × १ सेंमी उरते. एका खोलीचं क्षेत्र ७५० चौ. सेंमी, म्हणजे ७९ काड्या, मोडतोड धरून ९०. चार खोल्यांना ३६०! एकाच खोलीत काड्या आणि बाकीच्यांत १ सेंमी रुंदीच्या तपकिरी कागदी पट्ट्या लावल्या तरी हातभर अंतरावरून फरक कळत नाही.

पाटीपेन्सिल

बाहुली १४ सेंमीची आहे, मग १:१२ ठरलं. जिना कसा बसवू? ३० सेंमीच्या खोलीत जिना घातला की खोली संपते असं वाटतंय. आणि दिवे लावले तर?

गुण्यापट्टी

खऱ्या घराच्या हिशेबाने पायरी २.१ सेंमी खोल लागेल आणि जिना २५ सेंमी लांब होईल, म्हणजे तुमची भीती खरी. खेळण्याच्या घरात ४५ अंशाचा जिना चालतो. चढाई जमिनीपासून वरच्या मजल्याच्या पृष्ठभागापर्यंत, म्हणजे २०.६ सेंमी. तिचे १३ भाग केले की एक चढ १.५८ येतो. तेराव्या चढाला तुम्ही थेट मजल्यावर पोचता, म्हणून पायऱ्या १२च. प्रत्येक १.६ खोल, एकूण लांबी १९.२. उरलेले १०.८ सेंमी जिन्याच्या दोन टोकांना निम्मे निम्मे वाटा. रुंदी ६.५.

दोन बाजूंच्या करवती पट्ट्या २ मिमी जाड घट्ट पुठ्ठ्याच्या करा, खोक्याच्या पुठ्ठ्याचे दात चुरतात. पायऱ्यांना साध्या कार्डपेपरची एकच लांब पट्टी घ्या, आलटून पालटून घड्या घाला आणि दातांवर बसवा.

वरच्या मजल्याला भोक १६ × ७. पहिल्या तीन पायऱ्यांवर बाहुलीच्या डोक्याला छत लागत नाही, चौथीपासून लागतं, म्हणून एक पायरी आधीपासून, म्हणजे दहा पायऱ्यांइतकं. हे भोक मागच्या भिंतीला चिकटून घ्या. समोरच्या बाजूला घेतलंत तर झोळ थांबवणाऱ्या सगळ्या नळ्या तिथेच तुटतात.

काडीपैलवान

दिव्यांसाठी बटण सेल टाळा. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांच्या आतही गंभीर भाजू शकते. स्क्रूने बंद होणारा तीन एए सेलचा डबा घ्या, ४.५ व्होल्ट. प्रत्येक पांढऱ्या एलईडीला स्वतंत्र १०० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा भाग), सगळ्या जोड्या समांतर. सर्वांना मिळून एकच रेझिस्टर लावला तर एक दिवा प्रखर आणि बाकीचे मंद होतात. तारा कागद लावण्याआधी भिंतीवरून न्या, नाहीतर नंतर कागद उकलत बसाल.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर ३२ मिमीपेक्षा लहान काहीही सुटं ठेवू नका, दाराची मूठसुद्धा.

पाटीपेन्सिल

शेवटचं. नमुन्यातली वाकलेली भिंत वाचेल का?

पुठ्ठेबाज

हाताने उलटी दाबून पाहा. आतून 'कट्' असा आवाज आला किंवा आडवी सुरकुती दिसली तर नळ्या मोडल्यात, टाकून द्या. नुसता बाक असेल तर मागच्या बाजूला तोच कागद, तोच गोंद, आणि रात्रभर वजन.