प्रोपेनवरचा जुना ट्रक पुन्हा पेट्रोलवर आणण्याबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न

आम्ही अमेरिकेतील नेब्रास्कामध्ये राहतो. शेजारच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याकडून मी 1977 सालचा शेव्हरोले सी-20 ट्रक घेतला असून त्याचे इंजिन 350 क्युबिक इंचांचे व्ही-8 आहे. (येथे पेट्रोललाच गॅस म्हणतात, घोटाळा नको म्हणून मी पेट्रोल असेच लिहितो.) गाडी मुळात पेट्रोलची होती, परंतु पुढे ती प्रोपेन वायूवर नेताना कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) आणि पेट्रोल पंप काढून टाकले गेले. आता आमच्या भागात गाडीत प्रोपेन भरून देणारे कोणी उरलेले नाही. कार्बोरेटर मागवण्याआधी आणखी काय तपासावे?

प्रतिसाद 1

कार्बोरेटर इतक्यात मागवू नका. आधी आठही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजा. प्रोपेनचा ऑक्टेन (इंधन दाबाखाली अवेळी पेटण्याला किती विरोध करते, त्याचा आकडा) 100 च्या वर असल्यामुळे काही जण इंजिन उघडून कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) वाढवून घेत. तसे झाले असेल, तर 87 ऑक्टेनच्या पेट्रोलवर, विशेषतः माल भरून चढ चढताना, इंजिन नॉकिंग करील (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतील) आणि शेवटी पिस्टन जातील. इंजिन गरम असताना, सर्व स्पार्क प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजणी करा. आकडे 150 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) आसपास आले तर काळजी नाही. 190 च्या पुढे गेले, तर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उघडून पिस्टन पाहिल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे.

इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) प्रोपेनसाठी पुढे घेतलेले असू शकते, ते कारखान्याच्या आकड्यावर आणा.

पेट्रोल पंपाची जागा ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या) उजव्या बाजूला पुढे, दोन बोल्टच्या पत्र्याखाली सापडेल. पंप ज्या दांड्यावर चालतो, तो आत आहे का ते पाहा. पंप बसवताना दांडा खाली घसरतो, म्हणून ब्लॉकच्या पुढच्या भोकात लांब बोल्ट हातानेच फिरवून तो वर धरून ठेवावा आणि काम झाल्यावर मूळचा आखूड बोल्ट आठवणीने परत लावावा.

प्रतिसाद 2

प्रोपेनची टाकी स्वतः रिकामी करू नका, ही कळकळीची विनंती. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो; तो गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहतो आणि एक ठिणगी पुरते. हे काम परवानाधारक विक्रेत्याकडूनच करून घ्या. व्हेपोरायझरला (द्रव प्रोपेनचा वायू करणाऱ्या भागाला) इंजिनाचे गरम पाणी देणाऱ्या दोन नळ्याही नीट बंद करा. पेट्रोलची जुनी टाकी अजून जागेवर असली, तरी इतकी वर्षे कोरडी राहून ती आतून गंजलेली असणार, तेव्हा नवी घेतलेली बरी.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे आभार. आज कॉम्प्रेशन मोजले. सर्व आकडे 145 ते 155 च्या दरम्यान आले. पत्रा काढून पाहिला, आत दांडा नाही. आधी तो मागवतो, आणि टाकीसाठी सोमवारी विक्रेत्याला बोलावले आहे.