ओलान्झापिन-लिथियमवर भावाचं वजन आणि शुगर वाढलीये, किटो केलं तर गोळ्या सुटतात का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबलंय पण वाचा प्लीज.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, बायपोलर आहे, म्हणजे कधी मन फार चढतं, कधी फार खचतं. दोन वर्षांपूर्वी खूप वाईट अवस्था होती, रात्र रात्र झोप नाही, शेत विकून हायवेला हॉटेल काढतो म्हणायचा, बोलायला लागला की थांबायचाच नाही. आता लिथियम आणि रात्री ओलान्झापिन चालू आहे आणि खरं सांगते, गोळ्यांनी माणूस परत मिळाला आम्हाला. चुलत्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, हिशोब बघतो, रात्री शांत झोपतो.

पण ६४ किलोचा भाऊ आज ८८ किलोचा आहे. मागच्या महिन्यात मीच मागे लागून सगळ्या टेस्ट करून घेतल्या, उपाशीपोटी शुगर ११८, ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) ३४, बीपी १३४/८८, कंबर १०२ सेंमी. रात्री पोटभर जेवतो आणि तासाभरात ओट्यापाशी उभा राहून चिवड्याच्या डब्यात हात. आईने डबे कपाटात ठेवले तर गूळ-शेंगदाणे. परवा मला म्हणाला, ताई पोट भरल्याचं कळतच नाही गं, जेवलो तरी आतून कोणीतरी खा खा म्हणतंय. आणि पाहुणे आले की तोंडावर म्हणतात, बसून खाऊन सुटलाय. त्याने लग्नकार्याला जाणंच बंद केलंय, शर्ट बसत नाहीत हे एक आणि लोकांचं बोलणं हे दुसरं. मला भीती वाटते की वजनापायी हा परत डिप्रेशनमध्ये जाईल.

आता पुण्याच्या मावसभावाने व्हिडिओ पाठवलाय की किटो डाएटने (भात-चपाती-साखर जवळपास बंद, तूप-तेलासारखी चरबी जास्त) बायपोलर बरा होतो, गोळ्या सुटतात. भावाने तो पाहिल्यापासून गोळ्या बंद करायचं डोक्यात घेतलंय. आई तर घाबरून बीपीसाठी त्याची भाजी-आमटी मिठाशिवाय वेगळी काढते. काय करावं? आहाराने मन खरंच सुधारतं की हे सगळं फसवं आहे?

---

माणदेशी

ताई, माझा मुलगा पाच-सहा वर्षं ओलान्झापिनवर होता त्यामुळे तुमचं एकेक वाक्य ओळखीचं वाटलं. पहिलं सांगतो, पाहुण्यांना घरात हे बोलू देऊ नका. आमच्याकडे मी सरळ म्हणलं, त्याच्या ताटाकडे बघायचं नाही, बघायचं तर चहा न पिता गेलात तरी चालेल. ही भूक गोळीची असते, पोराच्या जिभेची नसते, आणि ज्याला आधीच स्वतःबद्दल नको नको वाटतंय त्याला अजून लाज आणली तर तो गोळी लपवून फेकायला लागतो. माझ्या पोराने तेच केलं होतं, गादीखाली गोळ्या सापडल्या आणि पुढचे तीन महिने आम्ही काय भोगलं ते नको विचारू.

दुसरं, त्याच्यासाठी वेगळं जेवण करू नका, अख्ख्या घराचं बदला. आमच्याकडे चिवडा, फरसाण, खारी घरात येणंच बंद झालं, सगळ्यांसाठी. कुलूप लावलेला डबा आणि घरात नसलेला डबा यात लय फरक आहे, कुलूप म्हणजे पहारा. रात्री भूक लागली की ओट्यावर ताकाचा तांब्या आणि मोड आलेल्या मटकीची उसळ झाकून ठेवायचो, खा म्हणायचो, कितीही खा. काकडी, गाजर, फुटाणे. भांडण संपलं. वजन एकदम नाही उतरलं पण वाढायचं थांबलं आणि तो आमच्यात बसून जेवायला लागला, आम्हाला ते जास्त मोलाचं.

---

गोदावरी_एमडी

मी मानसोपचारात एमडी करतेय, शेवटचं वर्ष. इथे कुणाचे उपचार बदलता येत नाहीत, पण तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट आहे ती आधी सांगते, बाकी नंतर वाचा.

आईला आजच सांगा, मीठ असं अचानक बंद करू नका. लिथियम आणि सोडियम किडनीतून जवळपास एकाच वाटेने जातात. शरीरात मीठ किंवा पाणी कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि सोबत लिथियमही धरून ठेवते, मग तीच गोळी, तोच डोस, पण रक्तातली पातळी वर. हात थरथरणं, जुलाब, उलटी, चालताना झोकांडी, जीभ जड होणं, असं काही दिसलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या. काही दिसत नसेल तरी मीठ पूर्ववत करून लिथियम लेव्हल करून घ्या, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. साधारण ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात. बीपीसाठी काही करायचं तर डॉक्टरला विचारून, कारण बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा लिथियम चढतं. अंगदुखीवर मेडिकलमधून आयबुप्रोफेन घेऊन खायची सवय असेल तर तीही सोडा.

किटोच्या सुरुवातीला शरीर भरपूर पाणी आणि मीठ बाहेर टाकतं. म्हणजे लिथियमवरच्या माणसाने व्हिडिओ बघून घरच्या घरी किटो सुरू करणं धोक्याचं आहे, आणि त्यात त्याने गोळ्या बंद केल्या तर दुहेरी. लिथियम एकदम थांबवलं की मॅनिया, म्हणजे दोन वर्षांपूर्वीसारखी चढलेली अवस्था, परत यायची शक्यता खूप वाढते. हे त्याला रागावून नका सांगू, पण स्पष्ट सांगा.

आता भुकेचं. ओलान्झापिन मेंदूतले हिस्टामिनचे आणि सेरोटोनिनचे काही रिसेप्टर अडवतं, पोट भरल्याचा निरोप पोचत नाही, भाऊ जे म्हणाला ते अक्षरशः खरं आहे. शिवाय वजनाच्या पलीकडेही हे औषध इन्सुलिनचं काम बिघडवतं. तुम्ही दिलेले आकडे बघा, आपल्याकडच्या पुरुषांत कंबर ९० सेंमी, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ४० च्या खाली, बीपी १३०/८५, उपाशी शुगर १००, या पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भावाचे पाचही बिघडलेत. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी १० ते २० वर्षं लवकर जातात आणि त्यात मोठा वाटा हृदयविकार, डायबिटिस अशा शरीराच्या आजारांचा असतो. म्हणून मला पोटतिडकीने वाटतं की वजन-शुगर हा आमच्या ओपीडीचाच विषय आहे. अमेरिकेतल्या डायबिटिस आणि सायकियाट्रीच्या संघटनांनी २००४ मध्येच एकत्र बसून ठरवलं होतं की असं औषध सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, शुगर, लिपिड (रक्तातली चरबी) बघायचं, ४, ८, १२ आठवड्यांनी वजन, १२ आठवड्यांनी परत रक्त. आपल्याकडे गर्दीत हे राहून जातं, म्हणून घरच्यांनी वहीत लिहून न्यावं.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. मेटफॉर्मिन (डायबिटिसची गोळी) देता येईल का, ते या कारणाने वाढलेल्या वजनावर वापरतात आणि जितकं लवकर तितकं बरं. ओलान्झापिनचा डोस कमी करता येईल का किंवा कमी वजन वाढवणाऱ्या औषधावर, म्हणजे ॲरिपिप्राझोल वगैरे, हळूहळू जाता येईल का. आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची), बी-१२ कधी केलं होतं. लिथियमने थायरॉइड मंदावतं, मग वजन, सुस्ती, उदासी सगळं वाढतं आणि आपण म्हणतो डिप्रेशन परत आलं.

तो सिगरेट-बिडी ओढतो का? धुराने ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. सोडली तर उत्तमच, पण डॉक्टरांना कळवून सोडा कारण औषधाची पातळी वर जाते. तंबाखू चघळणाऱ्याला हा परिणाम नाही, तो धुराचाच आहे.

---

साधा_माणूस

गोदावरी मॅडम, पटलं बरंचसं, पण किटोला एकदम मोडीत काढू नका ही विनंती. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के पण ऊर्जा खातो २० टक्के, मग ती ऊर्जा कशी मिळते याचा मनाशी संबंध नसेल कसा? फिट्सच्या आजारावर १९२१ पासून हा आहार वापरतात आणि बायपोलरला आपण जी औषधं देतो त्यातली व्हॅल्प्रोएटसारखी कितीतरी मुळात फिट्सचीच आहेत ना. २०२४ मध्ये स्टॅनफर्डचा अभ्यास आलाय, बायपोलर आणि स्किझोफ्रेनियाच्या लोकांना चार महिने किटो दिलं, वजन उतरलं आणि मानसिक लक्षणंही सुधारली. मला स्वतःला डायबिटिस आहे, भात-चपाती कमी केल्यापासून डोकं हलकं वाटतं, चिडचिड गेली. आमच्या बायकोला विचारा.

---

गोदावरी_एमडी

दादा, मोडीत अजिबात काढत नाहीये, मला स्वतःला या संशोधनाची फार आशा आहे. पण तोच अभ्यास नीट वाचा, त्यात २१ माणसं होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सगळ्यांची औषधं चालू होती, टीम सतत रक्त बघत होती. म्हणजे त्या अभ्यासातून "गोळ्या सोडा" असं निघतच नाही. तुमची शुगर ताब्यात आल्यावर चिडचिड गेली हे मला शंभर टक्के पटतं, डायबिटिस असलेल्यांत डिप्रेशन इतरांच्या दुप्पट आढळतं आणि शुगर वर-खाली झाली की मन शांत राहत नाही. एक मात्र बघा, तुम्ही शुगरच्या गोळ्या कुठल्या घेताय? नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असेल तर किटोसोबत ती धोकादायक ठरू शकते, डॉक्टरला सांगितलंय ना?

---

पालकभाजी

मी आहारतज्ज्ञ, सोलापूर. ताईंनी विचारलंय आहाराने मन सुधारतं का, तर हो, सुधारतं, आणि त्याला किटोच लागतं असं नाही. ऑस्ट्रेलियात डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका यांच्या टीमने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे, मध्यम ते तीव्र डिप्रेशनचे ६७ जण, १२ आठवडे. एका गटाला आहाराचं मार्गदर्शन, भाज्या, डाळी, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह ऑइल. दुसऱ्या गटाला कुणीतरी नियमित भेटून गप्पा मारायचं. आहारवाल्या गटातले सुमारे ३२ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे, आणि तो डिप्रेशनचा आहे, बायपोलरचा नाही, बरेच जण आधीपासून औषधंही घेत होते. पण बघा, त्या यादीतलं बहुतेक सगळं आपल्या मंडईत मिळतं. ऑलिव्ह ऑइलच्या मागे लागू नका, शेंगदाणा तेलच बेताने, जवसाची चटणी, आणि मासे खात असाल तर बांगडा, त्यासारखा स्वस्त आणि चांगला मासा नाही.

भाऊ आधी सडपातळ होता म्हणून कुणी शुगर बघितली नसेल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक हे वर्षानुवर्षं सांगतायत. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या एका डॉक्टरांनी स्वतःचीच तुलना छापली होती, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या अंगात २१.२. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबरेला टेप लावा, महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीला, श्वास न ओढता.

लिथियमने तहान फार लागते. ही तहान तो कशाने भागवतो ते बघा. दुकानात बसणाऱ्या माणसाचा दिवस चहावर जातो, साखरेचे सहा-सात चहा आणि दुपारी कोल्ड्रिंक असेल तर तिथूनच सुरुवात करा, पाण्याची बाटली गल्ल्याजवळ. सकाळी नुसत्या पोह्यांऐवजी त्यात मटकी किंवा सोबत दोन अंडी, दुपारी ज्वारीची भाकरी, उसळ, मेथी-चाकवत काहीही पालेभाजी, संध्याकाळी पाचला फुटाणे म्हणजे रात्रीचं जेवण अघोरी होत नाही. जेवून उठल्यावर पंधरा मिनिटं चाल, कुणीतरी सोबत जा. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्की करा, ते कमी असलं की थकवा, विसराळूपणा, उदासी, हातापायाला मुंग्या, आणि मेटफॉर्मिन सुरू झालं तर ते अजून उतरू शकतं. मी तर याला धरून बसते, कारण माझ्याकडे येणाऱ्या किती तरी बायका "मन लागत नाही" म्हणत येतात आणि रिपोर्टमध्ये बी-१२ तळाला असतं.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना. मिठाचं वाचून त्याच दिवशी आईला सांगितलं आणि लेव्हल करून घेतली. १.१ आली. डॉक्टर म्हणाले बरं झालं वेळेत आलात, डोस जरा खाली आणलाय आणि परत तपासायला सांगितलंय. बी-१२ १४० निघालं, इंजेक्शनं चालू केलीत. टीएसएच नॉर्मल. वही दाखवली तर डॉक्टरांनी शांतपणे सगळं वाचलं, मेटफॉर्मिन सुरू केलंय, आणि ओलान्झापिन बदलायचं लेव्हल स्थिर झाल्यावर बघू म्हणाले.

गोळी सोडायची नाही हे भावाला माझ्याऐवजी त्यांनीच सांगितलं आणि त्याला पटलं. भूक औषधाने लागते हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर तो मला बाहेर आल्यावर म्हणाला, म्हणजे मी हावरट नाही ना. चिवडा घरातून गेलाय, माणदेशी काकांची मटकी आलीये. जेवणानंतर बाबा त्याला घेऊन घाटापर्यंत जातात.

एक शेवटचं, तो दरवर्षी नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरतो. यंदा धरू द्यायचा का?

---

गोदावरी_एमडी

लेव्हल नुकतीच वर आलेली असताना नऊ दिवसांचा कडक उपवास नको, निर्जळी तर कधीच नको. मन असेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारून पहिला आणि शेवटचा दिवस धरू दे, रोजच्याइतकं मीठ आणि पाणी पोटात गेलंच पाहिजे, साबुदाण्याऐवजी वरई, दही, राजगिरा, फळं, आणि मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी नाही. जुलाब-उलटी झाली तर उपवास तिथेच सोडायचा आणि डॉक्टरांना फोन. रात्री-अपरात्री तो फारच अस्वस्थ वाटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, फुकट आहे, मराठीतही बोलतात.