मदत हवी आहे: बर्फ कारखान्याचा नवा पॅनल, मेन टाकू का?

हर्णैचा_बर्फवाला
नमस्कार मंडळी. नवा पॅनल येऊन पडलाय. १ ऑगस्टला मासेमारीच्या बोटी सुटणार, त्याआधी बर्फ तयार पाहिजे, म्हणजे कारखाना चार दिवस आधी सुरू व्हायला हवा. पुण्याच्या पॅनलवाल्याने टेस्ट करून पाठवलाय, सर्टिफिकेटही आहे. आता तोच फोनवर म्हणतो, चालू करण्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारून घ्या. अहो, तुम्ही मारलाय ना? मग परत कशाला? आमचा वायरमन लावणीला गेलाय, चार दिवस हलणार नाही. मी मल्टीमीटरने बघितलं, फेज ते बॉडी कुठेच बीप नाही. मेन टाकू का? जरा लवकर सांगा.

सर्किटकाका
टाकू नका. मोटर किती एचपी? ती सुरू करायला स्टार-डेल्टा की सॉफ्ट स्टार्टर? केबल कसली? पॅनल आल्यापासून कुठे ठेवला होता?

हर्णैचा_बर्फवाला
६० एचपी, स्टार-डेल्टा. केबल ॲल्युमिनियम आर्मर्ड. मोटर जुनीच. पण माझा प्रश्न मेगरचा होता.

देवगडी_कलम
मल्टीमीटर ९ व्होल्टच्या बॅटरीवर बघतो हो. ४१५ व्होल्टला काय होणार ते त्याला काय कळणार? मेगर ५०० व्होल्ट डीसी टाकून मिनिटभर धरतात. कमीत कमी १ मेगओहम हवा असं म्हणतात, पण कोऱ्या पॅनलला १ आला तर मी तो परत पाठवीन. आमच्या आंब्याच्या कॅनिंगमध्ये एकदा असंच "बीप नाही" म्हणून मेन टाकला होता. बसबारचा (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांचा) सपोर्ट काळा ठिक्कर पडला आणि ऐन सीझनला तीन दिवस बंद. मी ओरडतोय तो अनुभवाने.

अलिबागची_सून
विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या घरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पाऊस सुरू झाला की रोज संध्याकाळी पडतो. ३० मिलिअँपिअरचा आहे. जास्तीचा लावून घेतला तर चालेल का?

मालवणी_मेस्त्री
बर्फवाल्या, माझा ऐक. पयलो स्विच टाकताना दारासमोर उभो रवू नको, बाजूक रव. दार बंद कर नि मगे टाक.

जांभ्याचा_चिरा
आधी अर्थिंगचं बोला. जांभ्यात साधा खड्डा घेऊन काही होत नाही. केमिकल अर्थिंग करा, विषय संपला.

काळीमाती
झालं, आले केमिकलवाले. मीठ-कोळशाचा खड्डा वडिलांच्या काळापासून चालतोय.

जांभ्याचा_चिरा
चालतोय म्हणजे? कधी उकरून बघितलाय? मिठाने जीआय पाइप खाल्लेला असतो, वर नुसतं झाकण शाबूत. आणि रीडिंग जुलैत घेऊ नका. ओल्या जमिनीत कोणीही पास होतो. मे महिन्यात घ्या.

हर्णैचा_बर्फवाला
दोन खड्डे आहेत, जुने. मे महिन्याची वाट बघायला वेळ नाही.

सर्किटकाका
पॅनल कुठे होता ते अजून सांगितलं नाहीत.

हर्णैचा_बर्फवाला
शेडमध्ये. ताडपत्री होती वर.

सर्किटकाका
शेड म्हणजे बंद खोली? कधीपासून?

हर्णैचा_बर्फवाला
जूनच्या पहिल्या आठवड्यापासून. तीन बाजू बंद आहेत. समुद्राची उघडी.

सर्किटकाका
तरीच. आता सर्टिफिकेट बाजूला ठेवा, ते पुण्याच्या हवेतलं आहे. आणला कसा तेही सांगा.

हर्णैचा_बर्फवाला
ताम्हिणीने, टेंपोत. उंची बसेना म्हणून आडवा घातला होता.

देवगडी_कलम
अरे देवा.

सर्किटकाका
लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर बोलवा, दापोलीत मिळेल. स्वतः हात घालू नका. मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात ठेवा. पुरवठा नाही ना, ते टेस्टरवर सोडू नका, मीटरने बघा. मेगर मारण्याआधी डिजिटल मीटर, फेज फेल्युअर रिले, सर्ज अरेस्टर सगळ्यांच्या वायरी सोडवायच्या, नाहीतर ते मरतील किंवा रीडिंग खोटं येईल. मोटरची केबल वेगळी काढून मोटरही मोजा. दोन महिने बंद मोटर समुद्रकाठी कोरडी राहिली असेल असं मला वाटत नाही. ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याच्या बसबारवर बायमेटल लग (दोन धातूंचं टोक) हवा, तोही बघून घ्या.

वादळवारा
मी सांगतो, जनरेटर घ्या. २०२० ला ३ जूनच्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडला कित्येक दिवस लाइट नव्हती. ज्याच्याकडे जनरेटर त्याचाच माल वाचला.

काळीमाती
त्यांनी जनरेटरचं विचारलंय का?

वादळवारा
तुम्ही तरी मिठाचं विचारल्यावर बोललात का?

हर्णैचा_बर्फवाला
कॉन्ट्रॅक्टर आले होते. तिन्ही फेजचं मेगरचं रीडिंग आर ०.४, वाय ०.५, बी ०.२ मेगओहम. आर ते न्यूट्रल तर शून्यच. ते म्हणाले पॅनल परत पाठवा. परत पाठवला तर माझा ऑगस्ट गेला. काय करू?

सर्किटकाका
शून्यावर घाबरू नका. कंट्रोलचे फ्यूज काढले होते का? इंडिकेटर, कॉइल जोडलेल्या असतील तर आर ते न्यूट्रल शून्यच दिसणार. बाकी तिन्ही एकदम कमी म्हणजे ओल. एखादी फेज बॉडीला टेकलेली असती तर एकच पडली असती.

हर्णैचा_बर्फवाला
नव्हते काढले.

देवगडी_कलम
सुकवा. आत बल्ब लावा, वरचा झरोका उघडा, वाफेला वाट पाहिजे. करंट ऑफिसच्या बोर्डावरून घ्या, पॅनलमधून नाही. बल्ब वायरींना टेकता कामा नये.

सर्किटकाका
नुसतं सुकवून भागणार नाही. इन्सुलेटरवर मिठाचा थर असेल तर तो हवेतलं पाणी ओढतो, चार दिवसांत परत तेच. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वास पूर्ण जाऊ द्या, मगच बल्ब. गंज काढायचा स्प्रे मारायला कोणी सांगेल, मारू नका.

हर्णैचा_बर्फवाला
जुना पिवळा बल्ब बाजारात मिळत नाही. कोंबडीवाल्याकडून पिल्लांचे २०० वॅटचे दोन आणलेत.

मालवणी_मेस्त्री
पॅनल खंय बसवतलस?

हर्णैचा_बर्फवाला
कॉम्प्रेसरच्या शेजारच्या भिंतीला. जुना तिथेच होता.

मालवणी_मेस्त्री
जुनो कित्याक गेलो?

हर्णैचा_बर्फवाला
कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारे-तोडणारे स्विच) हिरवे पडून.

सर्किटकाका
मेस्त्री बरोबर बोलतायत. कॉम्प्रेसरमधला अमोनिया थोडा जरी गळला तरी ओलीत तांबं-पितळ खातो. भिंतीच्या पलीकडच्या खोलीत घ्या, केबल दोन मीटर वाढेल. केबलची भोकं ग्लँड लावून बंद करा. उघड्या भोकातून पाल शिरते आणि दोन बसबारना जोडून मरते. आत हीटरही बसवून घ्या, कारखाना बंद असताना चालू ठेवायला.

हर्णैचा_बर्फवाला
खोली बदलली. दोन दिवस सुकवल्यावर, कंट्रोलचे फ्यूज काढून आर ८०, वाय ९०, बी ७०. मोटर १२. पुसताना पॅनलच्या तळाशी एक नट आणि स्प्रिंग वॉशर सापडला. वर शोधलं तर बी फेजच्या बसबार जोडाचा बोल्ट नटाशिवाय नुसता भोकात बसलेला. बोटाने हलत होता. १७ चा पाना लावून सगळेच जोड आवळले, पाच-सहा ठिकाणी पाव फेरा बसला.

देवगडी_कलम
ताम्हिणीचा प्रसाद.

सर्किटकाका
ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारा) किती अँपिअरवर ठेवलाय?

हर्णैचा_बर्फवाला
८०. मोटरच्या पाटीवर ८० अँपिअर आहे.

सर्किटकाका
रिले वाइंडिंगच्या वाटेत असेल तर स्टार-डेल्टात ०.५८ ने गुणायचं. ४६ च्या आसपास ठेवा. ८० वर ठेवलात तर मोटर जळेल, रिले बघत बसेल. आणि पहिल्यांदा बेल्ट उतरवून मोटरला नुसता झटका द्या, दिशा बघा.

हर्णैचा_बर्फवाला
उलटी फिरली. दोन फेज बदलल्या. आज सकाळी बेल्ट चढवून सुरू केला, मेन टाकताना मेस्त्रींचं ऐकून बाजूला उभा राहिलो. टाकी थंड व्हायला लागलीय. सर्वांचे आभार. कोंबडीवाला बल्ब मागायला दोनदा येऊन गेला.

अलिबागची_सून
माझ्या आरसीसीबीचं राहिलंच.

सर्किटकाका
ताई, जास्तीचा लावू नका, माणसाला वाचवणारा तोच ३० चा. संध्याकाळी पडतो म्हणजे अंगणातला दिवा. त्याचा एमसीबी बंद ठेवून दोन दिवस बघा.

अलिबागची_सून
तुळशीजवळचा आहे एक.